अधिसेविकांच्या सेवेशी: ड्यूटी-लिस्ट आणि इंग्रजीची परीक्षा

महाराष्ट्रातील सर्व शासकीय व खाजगी रुग्णालयांच्या अधिसेविका यांस,



हे पत्र आरोग्यमंत्र्यांना, संचालकांना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना उद्देशून लिहिले असते तर ते अधिक रीतसर दिसले असते. परंतु परदेशातील नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देऊ पाहणाऱ्या परिचारिकेच्या दिवसाचे आणि रात्रीचे तास ज्या एका कागदावर ठरतात तो ड्यूटी-लिस्टचा कागद आपल्या टेबलावर तयार होतो, आणि मला जे मागावयाचे आहे ते त्या कागदाबाहेर कोठेही मिळण्यासारखे नाही, म्हणून ही दरखास्त थेट आपल्याकडे करीत आहे.

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक असून मिरजेस राहतो. 1894 साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी येथे रुग्णालयाची स्थापना केली तेव्हापासून हे गाव रुग्णांचे, डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे झाले. त्या परिचारिकांपैकी काहीजणी, आणि सांगली-कोल्हापूरकडच्याही काही, आयईएलटीएस किंवा ओईटी या परीक्षांच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकींचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले; जत, आटपाडी, मंगळवेढे या बाजूच्या गावांतून त्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमास आल्या, कित्येकींच्या शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढले, आणि ते फिटावयाच्या आत त्या खाजगी रुग्णालयांत पूर्णवेळ नोकरीस रुजू झाल्या. शासकीय सेवेत अधिपरिचारिका असलेल्या त्यांत थोड्या. त्यांच्या बुद्धीविषयी किंवा जिद्दीविषयी माझी तक्रार नाही; अतिदक्षता विभागात बारा-बारा तास उभ्या राहून आलेली मुलगी त्याच पायांनी वर्गात येऊन बसते आणि प्रश्न विचारते, हे मी पाहत आलो आहे.

या परीक्षा कशा असतात हे आपल्यापैकी ज्यांच्या नजरेखालून गेलेले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आयईएलटीएस ही 1989 पासून चालत आलेली सर्वसाधारण परीक्षा. ओईटी ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि केवळ आरोग्यसेवेतील व्यवसायांसाठी रचलेली. दोहोंत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार अंगांची स्वतंत्र पारख होते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी हवी असेल तर आयईएलटीएसच्या लेखनात निदान 6.5 आणि उरलेल्या तिन्ही अंगांत निदान 7 इतका बँड मिळवावा लागतो. ओईटी दिली तर लेखनात सी-प्लस आणि इतरांत बी श्रेणी लागते. एका अंगात अर्धा बँड कमी पडला की बाकीच्या तिन्हींतील यश अपुरे ठरते. आयईएलटीएसच्या श्रवणपरीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते आणि तेवढ्यात 40 प्रश्नांची उत्तरे टिपावयाची असतात. वाचनाच्या 60 मिनिटांत तीन लांबलचक उतारे आणि पुन्हा 40 प्रश्न. ओईटीच्या वाचनाचा पहिला भाग तर असा की, चार छोट्या मजकुरांतून 20 उत्तरे 15 मिनिटांत शोधून काढली पाहिजेत. दमलेल्या मेंदूला यांतले कोणतेही काम पेलत नाही.

यांपैकी ओईटीच्या लेखनपरीक्षेविषयी मला विशेष आदर आहे. परीक्षार्थीच्या हाती एका रुग्णाची टिपणे दिली जातात. पहिली पाच मिनिटे ती केवळ वाचावयाची आणि पुढच्या 40 मिनिटांत त्या रुग्णाची जबाबदारी ज्याच्याकडे जाणार आहे अशा डॉक्टरास, परिचारिकेस किंवा अन्य सेवकास साधारण 180 ते 200 शब्दांचे पत्र लिहावयाचे. टिपणांत रुग्णाची पूर्वपीठिका, औषधे, तपासण्या, घरची परिस्थिती, नको असलेले जुने तपशील, सारेच एकत्र असते. त्यांतून पुढच्या माणसास काय कळले नाही तर रुग्णाचे नुकसान होईल हे ओळखून तेवढे प्रथम सांगणे, आणि जे त्याच्या उपयोगाचे नाही ते धैर्याने गाळणे, याची ही कसोटी आहे. येथे शब्दसंपत्तीपेक्षा परिचारिकेचा विवेक अधिक तपासला जातो, आणि आपल्या मुलींपाशी तो विवेक असतो. रात्रपाळीहून उतरताना सकाळच्या परिचारिकेस ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देणारी कोणतीही जाणती परिचारिका हेच करीत असते, फक्त मराठीत.

मग त्या अडतात कोठे? इतकी वर्षे त्यांची वाक्ये ऐकून माझे असे मत झाले आहे की, वॉर्डातील इंग्रजी हे जवळजवळ सर्वस्वी नामांचे इंग्रजी आहे. कॅथेटर, सलाइन, व्हायटल्स, डिस्चार्ज, ड्रेसिंग, सॅच्युरेशन ही शेकडो नामे परिचारिकेच्या जिभेवर असतात, परंतु त्यांना जोडणारी क्रियापदे आणि अव्यये मराठी असतात: सलाइन लावले, व्हायटल्स घेतले, सॅच्युरेशन पडले म्हणून सरांना कळविले. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असली तरी परीक्षेपुरती उत्तरे पाठ करून ती पार पडलेली असतात. त्यामुळे आधी काय झाले, नंतर काय झाले, कशामुळे झाले आणि अद्याप काय चालू आहे, हे कालक्रमाने व कार्यकारणाने सांगावयाची वेळ आली की, नामांची सारी संपत्ती जवळ असूनही वाक्य उभे राहत नाही.

बोलण्याच्या परीक्षेत अडचण निराळी आणि मला अधिक हृदयस्पर्शी वाटणारी आहे. ओईटीत परीक्षार्थीने परिचारिका व्हावयाचे आणि समोरच्याने रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक, असे दोन प्रसंग रंगवावे लागतात. मराठीत हीच मुलगी भेदरलेल्या म्हातारीला म्हणते, 'घाबरू नका आजी, मुंगी चावल्यासारखं वाटेल, हात सैल सोडा,' आणि त्या 'आजी'त व 'सोडा'त आदर, जिव्हाळा आणि हुकूम एकत्र नांदतात. इंग्रजी क्रियापदास आदरार्थी रूप नाही. तेथे सौजन्य वाक्याच्या रचनेतून, परवानगी मागण्यातून आणि स्वराच्या चढउतारातून आणावे लागते. ही रचना अंगवळणी पडेपर्यंत आमची मायाळू परिचारिका इंग्रजीत एकाएकी फटकळ भासू लागते, आणि तिचे तिलाही ते जाणवून ती अधिकच आखडते. पाठ केलेल्या साच्यांनी हा दोष जात नाही. गावोगावच्या क्लासांतून असे साचे पुरविले जातात आणि त्यांवर मुलींचा पैसा खर्च होतो, याचे मला वाईट वाटते. कारण अनुभवी परीक्षकास साचा चटकन ओळखू येतो, आणि तो आला नसता तरी उद्या ज्या रुग्णासमोर ती उभी राहील त्याला साच्याचा काय उपयोग?

दोष सांगितले तसा उपायही सांगितला पाहिजे, आणि तो आहे. हे सारे शिकता येते. रोज ठरलेल्या वेळी तासभर ऐकणे व बोलणे, आठवड्यास दोन पत्रे लिहून तपासून घेणे, आणि पुरेशी झोप, एवढ्या सामग्रीवर सामान्य तयारीची परिचारिका काही महिन्यांत अपेक्षित श्रेणीपर्यंत पोहोचते असा माझा अनुभव आहे. या सामग्रीतील 'ठरलेली वेळ' आणि 'पुरेशी झोप' या दोन वस्तू मात्र शिक्षकाच्या हातात नाहीत. त्या आपल्या हातात आहेत.

ड्यूटी-लिस्ट परिचारिकेच्या जीवनाचे काय करते हे मी आपणांस सांगावे असे नाही. आपण स्वतः त्या पाळ्यांतून वर आलेल्या आहात. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहण्याचा प्रसंग आपणांवर कदाचित आला नसेल. तीन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, मग लागोपाठ रात्री, मध्येच कोणी रजेवर गेले म्हणून दुहेरी ड्यूटी, आणि नाइट ऑफ म्हणून जो दिवस मिळावयाचा त्याचा पूर्वार्ध झोपेत व उत्तरार्ध धुण्या-स्वयंपाकात. अशा क्रमात अभ्यासाचे एकूण तास मोजले तर ते फार कमी भरतील असे नाही. पण भाषा एकूण तासांवर वाढत नाही. आमच्या जत-आटपाडीकडे एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडून पुढे महिनाभर उघडीप राहिली की सरासरीचा आकडा कागदावर नीट दिसतो आणि शेतातले बी मात्र करपून जाते, तशी या अभ्यासाची गत होते. आणखी असे की, दिवसा शिकलेले मनात मुरण्यास झोप लागते, आणि पाळी सारखी फिरत राहिली की शरीराला झोपेची वेळच ठरविता येत नाही. नाइट करून आलेली मुलगी सकाळी माझ्यासमोर श्रवणाचा सराव करते तेव्हा तिला इंग्रजी कळत नसते असे नाही. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ मनात धरून ठेवण्याची शक्ती त्या वेळी तिच्यात उरलेली नसते.

याहून मला व्यथित करणारी गोष्ट म्हणजे या तयारीभोवतीची लपवाछपवी. परीक्षेची तारीख आली की रजेच्या अर्जात चुलतबहिणीचे लग्न लिहिले जाते. पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घातले जाते. ओईटीचे नाव घेतले तर पुढच्या महिन्यात सलग नाइट लागतील अशी भीती असते, आणि ती सर्वस्वी काल्पनिक असती तर मी तिचा उल्लेख केला नसता. एका खाजगी रुग्णालयाने नोकरीवर घेतानाच एका मुलीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. परदेशी नोंदणीसाठी ती परत मागताना तिला जी बोलणी खावी लागली ती तिने माझ्यापाशी सांगितली तेव्हा आपल्या समाजात शिक्षणाची इच्छा अजून किती सहज गुन्हा ठरते याचे मला आश्चर्य वाटले. दुसऱ्याच्या श्रमाने मिळालेला दाखला आपल्या कपाटात ठेवण्याचा अधिकार मालकास आहे असे मला तरी वाटत नाही.

आपल्या व्यवसायाच्या इतिहासात या प्रसंगाशी जुळणारा एक धागा आहे, म्हणून त्याचे स्मरण देतो. 1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू करणाऱ्या आणि विधवांसह अनेक स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाचा मार्ग दाखविणाऱ्या रमाबाई रानडे यांनी स्वतः इंग्रजी शिकताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा किती रोष सोसला, याची हकीकत त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 सालच्या पुस्तकात नमूद आहे. घरकामाचा पूर्ण भार सांभाळून उरलेल्या वेळात त्या शिकल्या. रोष धरणाऱ्या त्या स्त्रिया दुष्ट नव्हत्या. घराची घडी विस्कटेल ही त्यांची भीती खरी होती. परंतु त्या भीतीला मान देऊन रमाबाईंनी पुस्तक मिटले असते तर महाराष्ट्रातील कित्येक स्त्रियांना परिचारिकेचा गणवेश चढविण्यास आणखी किती काळ लागला असता याची कल्पना आपणच करावी.

घडी विस्कटण्याची आपली भीतीही खरी आहे, आणि तिला उत्तर न देता मी पुढे गेलो तर हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार उरणार नाही. आपण म्हणाल, वॉर्डात आधीच हात अपुरे. एकेका परिचारिकेकडे नियमाहून कितीतरी अधिक रुग्ण. ज्यांना आम्ही घडविले त्याच निघून जाणार असतील तर त्यांच्या जाण्याची सोय आम्हीच का करावी, आणि मागे उरलेल्या रुग्णांनी कोणाकडे पाहावे? हा आक्षेप स्वार्थाचा नाही, रुग्णांच्या काळजीतून आलेला आहे, आणि तो मला छळतो. तरीही त्याचा विचार करताना मी ज्या निष्कर्षावर आलो तो असा की, परिचारिकांना येथे राखावयाचे असेल तर त्याची साधने वेगळी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या, आणि पन्नासाहून कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन 20,000 रुपयांहून कमी असू नये असे सांगितले. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकींच्या हाती तेवढी रक्कम आजही पडत नाही. त्या शिफारशींची अंमलबजावणी झाली, रिक्त पदे भरली गेली, ड्यूटीचे तास माणसाला सोसतील इतके झाले, तर पुष्कळजणी परदेशाचे नावही काढणार नाहीत. ते न करता केवळ अभ्यासाची वाट अडवून ज्या थांबतात त्या मनाने थांबलेल्या नसतात, आणि अशा थांबण्याने रुग्णाची सेवा सुधारत नाही.

शिवाय शासनानेही या प्रश्नावर आपली दिशा दाखविलेली आहे. 2024 साली महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या जर्मन भाषेच्या शिक्षणाची तजवीज शासनाने आपल्याकडे घेतली. केरळात तर ओडेपेक ही सरकारी संस्था 1977 पासून परदेशी नोकरीचे काम पाहते आणि नोर्का या खात्यामार्फत ओईटी व आयईएलटीएसचे वर्ग सवलतीत चालतात. जर्मन शिकणारी परिचारिका राज्याची प्रतिनिधी आणि इंग्रजी शिकणारी परिचारिका फितूर, असा भेद कोणत्या न्यायाने करावयाचा?

माझे मागणे मोठे नाही. जी परिचारिका परीक्षेची तारीख घेऊन आपल्याकडे उघडपणे येईल तिला परीक्षेपूर्वीचे तीन महिने एकच पाळी द्यावी. ती कोणती असावी हे वॉर्डाच्या सोयीने आपणच ठरवावे, आणि त्या बदल्यात परीक्षेनंतर तिने अधिक रात्री कराव्यात, हे कबूल करून घेण्यास माझी हरकत नाही, तिचीही नसेल. ती पाळी रात्रीची असली तरी चालेल, कारण एकाच वेळेला शरीर सरावते. परीक्षेचा दिवस आणि त्याचा आदला दिवस ऑफ मिळावा. मिरजेहून रात्रभर गाडीत बसून पुण्यास पोहोचलेल्या मुलीने सकाळी थेट परीक्षागृहात शिरावे हे तिच्या पैशाचेही नुकसान आहे. परीक्षेचे शुल्कच इतके असते की कित्येकींचा महिन्याचा सारा पगार एका सकाळीवर लागलेला असतो. निकालाची मुदत सामान्यतः दोन वर्षांची. ब्रिटनची कौन्सिल काही अटींवर 12 महिन्यांच्या आतील दोन परीक्षांचे निकाल एकत्र धरते, परंतु दुसरी तारीख रजेअभावी हुकली तर ती सवलतही हातची जाते.

आणखी एक सूचना आहे, आणि तिला एका पैशाचाही खर्च नाही. आठवड्यातून एक दिवस, एका वॉर्डात, ज्यांची इच्छा असेल त्यांनी ओव्हर इंग्रजीत द्यावा. नर्सिंग नोट्समध्ये सुट्या नामांऐवजी पूर्ण वाक्ये लिहावीत, आणि एखाद्या परिसेविकेने ती वाचून पाहावीत. रुग्णाविषयी काही शंका राहिली तर ती लगेच मराठीत विचारून घ्यावी, कारण रुग्णाची सुरक्षितता कोणत्याही सरावापेक्षा मोठी. हे केल्याने परीक्षा देणारीचा सराव होईल. पण परीक्षेशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही त्यांच्याही नोंदी नेमक्या होतील, आणि ज्याला जिल्हा रुग्णालयातून पुण्यास हलवितात त्या रुग्णासोबत जाणारा कागद पुढच्या डॉक्टरास खरोखर वाचता येईल. आपल्याकडून गेलेल्या परिचारिकेबरोबर सारे ज्ञान परदेशी जाते ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. नेमके सांगण्याची जी सवय ती वॉर्डात वापरून जाते ती तिच्या मागून येणाऱ्यांकडे राहते.

पुढील महिन्याची ड्यूटी-लिस्ट करावयास आपण बसाल तेव्हा, आपल्या हाताखालच्या परिचारिकांना एकदा सर्वांसमक्ष विचारावे की, तुमच्यापैकी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी कोण करीत आहे, आणि जी हात वर करील तिला त्याबद्दल शिक्षा होणार नाही असे आपल्या तोंडून सांगावे, एवढी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.



आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, मिरज